फळ्यामागचे डबे आणि सकाळचे कॉलेज : शिक्षक बाबासाहेब

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराला लागून एक अभ्यासिका आहे. दोन वर्षांपूर्वी एका उपासकांनी तिथे मोठा डिजिटल फळा दान दिला. बुद्धवंदना झाली, फीत कापली, सगळ्यांनी फळ्यासमोर उभे राहून फोटो काढले आणि दुसऱ्याच दिवशी फळ्यावर रेक्झिनचे कव्हर चढले. किल्ली समितीतल्या एकांकडे. ते सकाळी आठला कामावर जाणार, रात्री नऊला परतणार. मुलांनी हात लावला तर स्क्रीन बिघडेल, ही सगळ्यांनाच काळजी. वर्षभर मुले त्या झाकलेल्या फळ्यासमोर बसून वहीत गणिते सोडवत राहिली. आम्हीही त्याच समितीत आहोत, त्यामुळे ही तक्रार दुसऱ्या कुणाबद्दल नाही.

त्या कव्हरकडे पाहिले की आम्हाला दुसरा एक फळा आठवायचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातला, खडूने लिहायचा, साधा. वर्गातली सवर्ण मुले आपले जेवणाचे डबे त्या फळ्यामागे ठेवत. एक दिवस शिक्षकांनी भीमराव नावाच्या विद्यार्थ्याला उदाहरण सोडवायला फळ्यापाशी बोलावले. तो उठला मात्र, अख्ख्या वर्गात धावपळ उडाली. त्याच्या सावलीने डबे बाटू नयेत म्हणून मुले फळ्याकडे पळाली. आधी डबे हलले, मग भीमरावाने फळ्यावर लिहिले.

समाजशास्त्रात एम. ए. करताना शिक्षण आणि विषमता या विषयावर आम्ही बरीच जाड पुस्तके वाचली. त्यांतले निम्मे विसरलो. हे डबे मात्र डोक्यातून गेले नाहीत.

दर एप्रिलमध्ये आम्हाला कुठल्या ना कुठल्या विहारात बोलायला बोलावतात. संविधान, महाड, काळाराम, गोलमेज परिषद, नागपूरची दीक्षा, असा क्रम ठरलेला. बाबासाहेबांच्या डिग्र्यांची यादी तर लहान मुलांनाही पाठ असते. पण डिग्री घेणारे बाबासाहेब जितके सांगितले जातात, तितके वर्गात उभे राहून शिकवणारे, कॉलेजचे वेळापत्रक ठरवणारे, ग्रंथालयासाठी पुस्तके निवडणारे बाबासाहेब सांगितले जात नाहीत. आमचे काम मुलांच्या शिक्षणाशी बांधलेले असल्याने आम्ही गेली काही वर्षे त्यांचे चरित्र याच बाजूने वाचत आहोत. आज तेच सांगायचे आहे.

शिक्षकी त्यांच्या घरातच होती. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला, तेव्हा वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर कुटुंब कोकणात आणि तिथून साताऱ्याला आले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलाच्या पटावर चढले. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. शाळांत त्या दिवशी भाषणे, निबंधस्पर्धा होतात, चांगलेच आहे. पण पटावर नाव चढणे आणि वर्गात जागा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, हे त्या निबंधांत क्वचितच येते.

साताऱ्याच्या शाळेत त्यांना बसायला गोणपाटाचा वेगळा तुकडा होता. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी पुन्हा आणायचे. तहान लागली तर नळ स्वतः उघडायचा नाही. शिपायाने उघडला तर पाणी, शिपाई नसला तर तहानलेले राहायचे. बाबासाहेबांनी हे सगळे पुढे आपल्या लहानशा आत्मकथनात लिहून ठेवले. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात आज ते विद्यार्थ्यांना वाचायला लावतात. त्यात आक्रोश नाही. कोणत्या वस्तूला कोण हात लावू शकत होते, एवढेच ते नीट नोंदवतात. त्याच साताऱ्यात चांगले शिक्षकही भेटले. पावसात चिंब भिजून आलेल्या या मुलाला पेंडसे मास्तरांनी आपल्या मुलाबरोबर घरी पाठवून गरम पाण्याने आंघोळ घालायला लावली, ही आठवण बाबासाहेबांनी आयुष्यभर जपली. मात्र एका मास्तरांच्या मायेने गोणपाटाचा नियम बदलला नाही. भल्या शिक्षकांच्या गोष्टी सांगताना आपण हे सोडून देतो.

मुंबईत आल्यावर घर म्हणजे परळ भागातल्या चाळीतली एक खोली. तीच स्वयंपाकाची, तीच झोपायची, तीच अभ्यासाची. रामजीबाबांनी यावर तोडगा काढला. मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः जागे राहायचे आणि रात्री दोनच्या सुमारास त्याला उठवून मग आपण आडवे व्हायचे. घासलेटच्या मिणमिणत्या दिव्यावर पहाटेपर्यंत अभ्यास चाले. पुस्तकांना पैसे नसले की लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन त्यांचे दागिने मागायचे, गहाण टाकायचे आणि पेन्शन आली की सोडवून आणायचे. दिवा एकच, खोली एकच. म्हणून रामजीबाबांनी वेळ बदलली आणि मुलाच्या अभ्यासासाठी सगळ्या घराचे घड्याळ फिरवले.

इथे आम्हाला आमची एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०२० साली शाळा बंद पडल्या, तेव्हा आम्ही काही कार्यकर्त्यांनी मिळून वस्तीतल्या मुलांसाठी मोबाईलवर वर्ग सुरू केले. धड्यांचे व्हिडिओ बनवले, व्हॉट्सॲपवर गट केले, रोजचा गृहपाठ दिला. गृहपाठाचा फोटो संध्याकाळी पाचच्या आत आला तर हजेरी, नाही तर गैरहजेरी, असा तक्ता केला. आठवीतली एक मुलगी सलग दोन महिने गैरहजर दिसत होती. आम्ही दोनदा गटावर तिला समज दिली. शेवटी घरी गेलो तेव्हा कळले, की घरात फोन एकच आणि तो वडिलांबरोबर टेम्पोवर. ते रात्री नऊला यायचे तोवर दिवसाचा डेटा संपलेला असायचा. गटावरची आमची समज वडिलांनी वाचली होती आणि मुलगी अभ्यास करत नाही असे ठरवून तिला आईबरोबर धुण्याभांड्याच्या कामाला लावले होते. शाळा उघडली तेव्हा ती परत आली नाही. पाच वाजताची वेळ आम्ही का ठेवली होती? सहाला आमची बैठक असे, एवढेच त्याचे कारण.

व्हिडिओ फुकट होते, सगळ्यांसाठी खुले होते. आमच्या अहवालात तसे लिहिलेही होते.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. अस्पृश्य मुलगा मॅट्रिक होणे ही त्या काळी सभा भरवण्यासारखी घटना होती आणि तशी सभा भरलीही. तिथे कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. केळूसकर दुसऱ्या शाळेत शिकवत. बागेत वाचत बसणारा हा मुलगा त्यांच्या नजरेत भरला आणि त्यांनी आपणहून त्याला पुस्तके पुरवली. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही त्यांचाच हात होता. बौद्ध वाचकाला या भेटीचे मोल सांगायला नको. आम्हाला त्यातले दुसरेही काही महत्त्वाचे वाटते. ज्या शाळेच्या पटावर हा मुलगा नव्हता, तिथल्या शिक्षकाने त्याला आपला विद्यार्थी मानले. एल्फिन्स्टनमध्ये मात्र संस्कृत शिकायची इच्छा असून ती नाकारली गेली आणि त्यांना पर्शियन घ्यावी लागली. संस्कृत ते पुढे स्वतःच्या हिमतीवर शिकले.

१९१३ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. तिथला काळ सर्वांना ठाऊक आहे, म्हणून फक्त जॉन ड्यूई यांच्याबद्दल. ड्यूई हे शिक्षणाचे तत्त्वज्ञ. शाळा म्हणजे पुढच्या आयुष्याची नुसती तयारी नाही, ते एकत्र जगण्याचेच एक रूप आहे, असा त्यांचा विचार. शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसलेल्या विद्यार्थ्याने हा विचार ऐकला तेव्हा त्याच्या मनात काय झाले असेल, याची कल्पना करण्याचा मोह आम्ही आवरतो. लोकशाही ही राज्यपद्धतीपेक्षा अधिक, ती सहजीवनाची पद्धत आहे, हे सूत्र बाबासाहेबांच्या पुढच्या लेखनात पुन्हा पुन्हा येते आणि त्याचे ऋण त्यांनी उघडपणे मान्य केले. जून १९५२ मध्ये कोलंबियाची मानद पदवी घ्यायला ते पुन्हा न्यूयॉर्कला गेले. पदवीदान ५ जूनला होते, ड्यूई १ जूनला वारले. गुरुशिष्यांची भेट चार दिवसांनी हुकली.

कोलंबियानंतर लंडन, मग शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली अर्धवट अभ्यास टाकून परत. बडोद्याच्या नोकरीत झालेले हाल सर्वश्रुत आहेत. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. हा अस्पृश्य आपल्याला काय शिकवणार, अशा भावनेने विद्यार्थ्यांनी सुरुवातीला त्यांच्याकडे पाहिले. काही सहकारी प्राध्यापकांनी, प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी त्यांनी पिऊ नये असा आक्षेप घेतला. साताऱ्यात विद्यार्थी म्हणून नळ बंद होता, इथे परदेशी पदवी घेऊन आलेल्या प्राध्यापकाला पाण्याचे भांडे बंद. पण तयारी एवढी कसून असे आणि मांडणी इतकी स्वच्छ, की काही काळातच दुसऱ्या कॉलेजांचे विद्यार्थी परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसू लागले. नाव एका कॉलेजात आणि शिकायला दुसऱ्या कॉलेजात, यालाच आज आपण खुले शिक्षण म्हणतो. या नोकरीत असतानाच, ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून त्यावर त्यांचे नाव नव्हते. दिवसा कॉलेजातल्या मुलांना अर्थशास्त्र शिकवणारा हा माणूस, ज्यांना कॉलेजचे दारही दिसणार नव्हते त्यांच्यासाठी पंधरा दिवसांनी एक अंक काढत होता. आमच्या मते ‘मूकनायक’ हाही एक वर्गच होता.

पगारातून पैसे साठवून, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेऊन ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात सकाळी पहिल्यांदा शिरणारे आणि बंद होताना शेवटी निघणारे वाचक म्हणून त्यांची कीर्ती आहे. १९२३ मध्ये डी. एस्सी. घेऊन परतले.

परतल्यावर काय केले, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिच्या पहिल्या कामांत मोठी शाळा किंवा कॉलेज नव्हते. सोलापुरात १९२५च्या जानेवारीत हायस्कुलातल्या मुलांसाठी वसतिगृह निघाले. मुंबईत मोफत वाचनालय निघाले. शाळा होत्या. सरकारी होत्या, कायद्याने खुल्याही होत्या. खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा नव्हती, जेवण नव्हते, पुस्तके नव्हती. म्हणून आधी छप्पर आणि ताट. आम्ही क्षेत्रकामाच्या निमित्ताने जुन्या वसतिगृहांतून शिकलेल्या आजोबांशी बोलतो, तेव्हा ते मास्तरांपेक्षा जास्त वेळ तिथल्या भाकरीबद्दल आणि कंदिलाबद्दल बोलतात.

या वर्षांत पोटासाठी वकिली चालू होती आणि जोडीला शिकवणेही. १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला, मग वर्षभर सरकारी लॉ कॉलेजात अर्धवेळ शिकवले. १९२७ पासून ते मुंबई विधिमंडळातही होते. मार्च १९२७ मध्ये, महाडला ज्या महिन्यात चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले त्याच महिन्यात, शिक्षणाच्या तरतुदीवरचे त्यांचे भाषण झाले. त्यात त्यांनी सभागृहापुढे एक आकडा ठेवला. प्राथमिक शाळेत येणाऱ्या दर शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत अठराच पोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जाऊन पडतात. दारूच्या महसुलातून सरकार लोकांकडून जेवढे घेते, निदान तेवढे तरी शिक्षणावर खर्च करावे, अशी त्यांची मागणी होती. खालच्या वर्गांना शिक्षण शक्य तितके स्वस्त मिळाले पाहिजे, हा त्यांचा धोशा होता. पट किती भरला हे सरकार सांगत होते. चौथीत किती उरले, हे बाबासाहेब मोजत होते. आमच्या व्हिडिओंना किती जणांनी पाहिले हा आकडा आम्ही अहवालात ठळक छापला होता. किती मुले शेवटच्या धड्यापर्यंत आली, हा रकानाच आम्ही केला नव्हता.

१ जून १९३५ रोजी ते सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. चार महिन्यांनी, १३ ऑक्टोबरला, येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. या दोन तारखा शेजारी ठेवून फारसे कुणी पाहत नाही. धर्मांतराच्या प्रश्नावर देशभर वादळ उठले असताना हा माणूस सरकारी कॉलेजचे प्रशासन पाहत होता आणि कॉलेजच्या नियतकालिकात कायद्याचे शिक्षण कसे सुधारावे यावर लेख लिहीत होता. १९३८ मध्ये त्यांनी ते पद सोडले.

दरम्यान १९३६ साल आले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले, भाषण आधी मागवून घेतले, वाचल्यावर बिचकले आणि शेवटी परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या आणि निरनिराळ्या भाषांत अनुवाद होऊ लागले. लाहोरच्या सभागृहात बसून ऐकणारे किती असते? दार बंद झाले म्हणून ते भाषण आज जगभर वाचले जाते. टिपांसह त्याची एक आवृत्ती कोलंबिया विद्यापीठाने इंटरनेटवर कुणालाही मोफत वाचता येईल अशी ठेवली आहे.

पुस्तकांचे त्यांचे वेड हा स्वतंत्र लेखाचा विषय. दादरच्या हिंदू कॉलनीतले राजगृह बांधताना ग्रंथसंग्रहाची सोय हा मुख्य विचार होता, एवढेच इथे पुरे.

आता सिद्धार्थ कॉलेज. हा आमच्या दृष्टीने त्यांच्या शिक्षकी आयुष्याचा कळस आहे. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातल्या कारकिर्दीच्या अखेरीस होते, देशाच्या सत्तांतराच्या वाटाघाटी चालल्या होत्या, अनुसूचित जातींचे राजकीय हक्क टांगणीला लागले होते. अशा धामधुमीत त्यांनी कॉलेजच्या वेळेचा विचार केला. वर्ग सकाळी भरत. कारण ज्या विद्यार्थ्यांसाठी हे कॉलेज काढले त्यांतल्या अनेकांना दिवसा नोकरी करावी लागे. सकाळी तास करायचे आणि तिथून कामावर जायचे, अशी ती रचना. पुढच्या वर्षी रात्रशाळाही निघाली. इतर कॉलेजे विद्यार्थ्याकडून दिवसाचा मधला वेळ मागत होती आणि गरिबाकडे नेमका तोच वेळ नव्हता. रामजीबाबांनी एका खोलीत जे केले होते, ते मुलाने अख्ख्या कॉलेजसाठी केले, असे आम्हाला वाटते. पुरावा मागू नका, हा आमचा अंदाज आहे.

कॉलेज सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना खुले होते. पहिले प्राचार्य म्हणून त्यांनी अश्वत्थामा बाळाचार्य गजेंद्रगडकर यांना आणले. गजेंद्रगडकर संस्कृतचे नामांकित पंडित. ज्याला शाळेत संस्कृत नाकारली गेली, त्याने आपल्या कॉलेजच्या प्रमुखपदी संस्कृतचा विद्वान बसवला. यात सूड नव्हता की खुशामत नव्हती. उत्तम शिक्षक हवा होता, तो त्यांनी निवडला. आमच्या काही मित्रांना हे पटत नाही, आमच्याच मुलांच्या संस्थेत आमचाच माणूस हवा होता असे ते म्हणतात. त्यांच्या म्हणण्यातली खंत आम्हाला समजते. पण आपल्या मुलांना दुय्यम दर्जाचे काही मिळू नये, हा बाबासाहेबांचा हट्ट त्याहून मोठा होता. कॉलेज पुढे फोर्ट भागात आले. त्या इमारतींची नावे बुद्ध भवन आणि आनंद भवन. ग्रंथालयासाठी ते जातीने लक्ष घालत. विद्यार्थ्यांची संसद भरे, त्यात विधेयकांवर वाद होत, आणि देशाचा कायदेमंत्री त्या पोरांपुढे येऊन बोले.

१९५० साली औरंगाबादेत दुसरे कॉलेज सुरू झाले, तेच मिलिंद महाविद्यालय. तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि उच्च शिक्षणाची सोय अगदी तुटपुंजी. निजामाच्या राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या, खेड्यापाड्यांच्या या भागात जाऊन कॉलेज काढायचे, हा निर्णय मुंबईत बसून सहज सुचण्यासारखा नव्हता. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते कोनशिला बसली. परिसराचे नाव नागसेनवन. या नावांत त्यांची शिक्षणदृष्टी आहे. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, नागसेन म्हणजे त्याच्या प्रश्नांना उत्तरे देणारे भिक्खू. त्यांचा संवाद पालीतल्या ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात आहे. बाबासाहेबांनी महाविद्यालयाला उत्तर देणाऱ्याचे नाव दिले नाही, प्रश्न विचारणाऱ्याचे दिले. त्याच परिसरातून पुढे प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ नाटक आले, गंगाधर पानतावणे शिकवते झाले, दलित साहित्याला बळ देणारे ‘अस्मितादर्श’ उभे राहिले.

अखेरच्या वर्षांत प्रकृती ढासळली, डोळे साथ देईनासे झाले, तरी लेखन सुटले नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण झाले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ मध्ये मूळ इंग्रजीत निघाला, तो सिद्धार्थ कॉलेजच्याच प्रकाशनाने. आपल्या विहारांतून आज वाचला जाणारा धम्मग्रंथ एका कॉलेजने छापला, ही गोष्ट आम्ही मुलांना मुद्दाम सांगतो.

त्यांच्या शब्दांचे पुढे काय झाले, तेही या चरित्राचाच भाग आहे. १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने त्यांचे लेखन आणि भाषणे खंडरूपाने छापायला घेतली, वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. स्वस्त किमतीचे ते खंड चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर रांगा लावून लोकांनी घेतले. नंतर छपाई रखडत गेली, इतकी की २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. दुसरीकडे २०१६ संपताना त्यांच्या लेखनावरचा साठ वर्षांचा स्वामित्वहक्क संपला आणि आता कुणीही ते छापू शकतो. इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. म्हणजे बाबासाहेब आज पूर्णपणे खुले आहेत. पण ते इंग्रजीत, शेकडो पानांच्या पीडीएफमध्ये, चार इंचाच्या तडा गेलेल्या स्क्रीनवर उघडून आमच्या अभ्यासिकेतल्या नववीच्या मुलाने वाचायचे आहेत. आम्ही एकदा तसा दुवा गटावर पाठवला होता. तीन अंगठे आले. फाइल उघडल्याचे कुणी सांगितले नाही. मग पुढच्या रविवारी गोणपाटाचा तो प्रसंग मराठीत दोन पानांवर छापून वाटला, तेव्हा एका मुलीने पाणी सोडणाऱ्या शिपायाबद्दल एवढे प्रश्न विचारले, की तास अर्धा तास लांबला.

ज्या मुलीची हजेरी आम्ही मांडली नाही, ती आता अठराच्या पुढे आहे. दोन घरची कामे करते. गेल्या जूनमध्ये तिने बाहेरून दहावीला बसायचे ठरवले. सतरा नंबरचा फॉर्म भरून दिला आणि तिला अभ्यासिकेत कधी यायला जमेल ते विचारले. पहाटे साडेपाच ते सात, एवढाच वेळ तिच्याकडे होता. समितीत यावर बरीच चर्चा झाली. विहार पहाटे उघडायचे तर दिवे, पंखे, राखण, जबाबदारी. शेवटी दोन ज्येष्ठ उपासिकांनी पाळी वाटून घेतली, त्या तशाही पहाटे उठतात. डिजिटल फळ्याची किल्ली आता दाराशेजारच्या खिळ्याला असते.

सध्या पहाटे पाच जणी येतात. त्यांतल्या एकीला भूमितीची आकृती बोटाने फिरवून पाहायला फार आवडते. फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात एक लांब ओरखडा उमटला आहे. तो कुणी पाडला, यावर येत्या रविवारी समितीची बैठक आहे.